यरुशलेमचं मंदिर बायबलमध्ये कसं वाचावं

देऊळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाभारा, मूर्ती आणि दर्शनाची रांग येते. यरुशलेममधलं पहिलं मंदिर शलमोन राजाचं; त्याबद्दल वाचताना यातला गाभारा तेवढा ठेवा. देवाची मूर्ती तिथं नव्हती. रांग तर नव्हतीच, कारण अगदी आत जायची मुभा वर्षातून एकाच दिवशी, एकाच माणसाला होती. ख्रिस्ती वाचकानं सुरुवात इथूनच करावी.

१. आराखडा काढा. पहिले राजे, अध्याय ६ उघडा आणि चौकटींचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे २ हात. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद. म्हणजे ३० चौकटी आणि १० चौकटी. आतल्या टोकाकडून लांबीच्या १० चौकटी मोजून आडवी रेघ मारा. हे परमपवित्रस्थान: लांबी, रुंदी, उंची तिन्ही २० हात. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्यांची पेटी, इथं. रेघेबाहेर दीपवृक्ष, समर्पित भाकरींचं मेज, धूपवेदी; होमवेदी मात्र बाहेर अंगणात. गंधसरू आणि सोन्याचं वर्णन पहिल्या वाचनात भरभर ओलांडलंत तरी चालेल.

२. दोन मंदिरांची गल्लत करू नका. शलमोनाचं मंदिर बाबेलच्या सैन्यानं इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जाळलं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांनी दुसरं बांधलं, हेरोद राजानं ते वाढवलं, रोमी सैन्यानं इ.स. ७० मध्ये पाडलं. येशू शिकवत असे तो या दुसऱ्या मंदिरात. तिथल्या परमपवित्रस्थानात कोश नव्हता, खोली रिकामी होती.

३. लेवीय १६ आणि इब्री ९–१० लागोपाठ वाचा. जास्तीत जास्त वेळ इथं द्या. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक रक्त घेऊन अंतरपटाच्या, म्हणजे परमपवित्रस्थानापुढच्या पडद्याच्या, आत जाई, आधी स्वतःच्या पापांसाठी, मग लोकांच्या. दर वर्षी पुन्हा. इब्री पत्राचा सगळा रोख या ‘पुन्हा’वर आहे: ख्रिस्त एकदाच गेला. (हे पत्र वर्णन करतं ते निवासमंडपाचं, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूचं, दगडी मंदिराचं नाही.) आता मार्क १५:३८ बघा. आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं संपली की अंतरपट माणसं बाजूला करतात. इथं, येशूनं प्राण सोडला तेव्हा, मंदिरातला पडदा वरून खाली फाटला. मार्क दिशा मुद्दाम सांगतो, असं मला वाटतं.

४. ‘मंदिर’ हा शब्द पुढे कुणाला लावलाय ते शोधा. योहान २:२१ मध्ये तो येशूच्या शरीराला आहे. पहिल्या करिंथकरांस पत्रात, ३:१६ मध्ये, ‘तुम्ही देवाचे मंदिर आहा’. मराठीत फसगत होते ती इथं, कारण ‘तुम्ही’ आपण एकट्या माणसालाही आदरानं म्हणतो. ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणून भांडणाऱ्या अख्ख्या मंडळीला पत्र लिहिणारा पौल हे सुनावतोय. शरीराचा मुद्दा ६:१९ मध्ये येतो. तंबाखूवरचा उपदेश करायचाच असेल तर ते वचन घ्यावं. ३:१६ मंडळीतल्या गटबाजीसाठी राखून ठेवावं.

५. शेवटी प्रकटीकरण २१. नव्या यरुशलेमेत मंदिर नाही, असं बाविसावं वचन सांगतं. पण सोळावं वचन आधी वाचा: नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखी. तुमच्या कागदावर असा आकार एकाच खोलीचा आहे, त्या आतल्या १० बाय १० चौकटींच्या परमपवित्रस्थानाचा.