तिथी पाहून धावा: कोकणात वर्षभर टिकेल असा व्यायाम आणि आहार

कोकणात व्यायाम सुटतो तो आळसापेक्षा वेळापत्रकामुळे. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा' असं ठरवून पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गेलं की आठवड्याभरात सहाला भरती लागते. जून-जुलैत लावणी, भाद्रपदात घरभर पाहुणे. म्हणून आठवड्याचं माप पक्कं ठेवायचं आणि वार मात्र समुद्राच्या, शेतीच्या हिशेबाने हलते ठेवायचे.

माप सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस हालचाल सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आपण तीन दिवस धावू, दोन दिवस ताकदीला देऊ आणि दोन दिवस मोकळे ठेवू. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली पायरी: कालनिर्णय उघडा

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळी पाणी ओसरलेलं आणि पुळण रुंद, तर अष्टमीच्या आसपास पहाटे पाणी वर चढलेलं. गावागणिक थोडाफार फरक पडतो, तो मासेमारीला जाणाऱ्या माणसाला विचारून घ्यावा.

तेव्हा ओहोटीच्या दिवसांत धावण्यावर भर द्या आणि अष्टमीच्या बाजूचे दिवस ताकदीला ठेवा. धावायचंच असेल तर गावातला रस्ता आहे.

दुसरी पायरी: बोलता येईल इतकंच धावा

सुरुवातीला एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ-दहा वेळा. हे सोपं वाटू लागलं की धावण्याचं मिनिट वाढवा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून त्याच वेगाला देशावरच्यापेक्षा हृदयाला जास्त काम पडतं. घड्याळातला वेग पाहून धावणं कोकणात निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओल्या, घट्ट वाळूवर धावा. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच आणि पोटरी फार ताणली जाते. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच पायावर भार येतो. गेलात त्याच पट्ट्यावरून परत या म्हणजे दोन्ही पायांना सारखं होतं. अनवाणी धावणं पाच मिनिटांपासून वाढवत न्या.

पावसाळ्यात पुळण सोडा. सड्यावरच्या (उघड्या कातळी माळावरच्या) जांभ्यावर शेवाळ धरतं आणि फुरसं हा विषारी सापही असतो, तेव्हा अंधारात बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाणं टाळा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. या दिवसांत घाटीची चढण झपझप चढलात तरी धावण्याचं काम होतं.

तिसरी पायरी: ओट्यावर अर्धा तास

जिम लागत नाही. बैठका, ओट्यावर हात टेकून जोर (जमू लागले की जमिनीवर), पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून बादली उचलणं, एका हाताने बादली बरगडीपर्यंत ओढणं, आणि दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वजनाचा अंदाज त्यावरून बांधा. प्रत्येकाचे दहाचे तीन फेरे करा. शेवटच्या फेऱ्यातही बारा सहज झाले की वजन वाढवा. लावणीच्या दिवसांत शेतात राबत असाल तर वेगळा ताकदीचा दिवस करू नका, तेव्हा झोप जास्त महत्त्वाची.

चौथी पायरी: भाताचा ढीग लहान करा

आपल्या ताटाची खोड एकच: भात भरपूर, भाजी चमचाभर. भात सोडायची गरज नाही. पाव ताट भात किंवा नाचणीची भाकरी, पाव ताट मासे किंवा उसळ, उरलेलं अर्धं भाजी. ओलं खोबरं हवंच, पण कालवणात पडलं की भाजीत पुन्हा नको.

भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याने याहून थोडं जास्त घ्यावं. शंभर ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम मिळतात, अंड्यात सहा. कुळीथ शंभर ग्रॅमला 22 ग्रॅम देतो खरा, पण वाटीभर पिठीला पीठ लागतं दोन-तीन चमचे, म्हणून निव्वळ पिठीवर भागत नाही. मोड आलेल्या कुळथाची, वालाची, चवळीची उसळ करा.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, सोडे अशी सुकी मासळी कामाला येते. मीठ फार असतं, म्हणून गरम पाण्यात भिजवून धुऊन घ्या. श्रावण पाळणाऱ्यांनी उसळी आणि ताक वाढवावं. लांब धावून आल्यावर मीठ घातलेली पेज उत्तम.

खंड पडला तर

गणपतीत आणि शिमग्यात पडणारच. मोदक खा, फुगड्या घाला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा निम्मं अंतर आणि निम्मं वजन, दुसरा आठवडा पाऊणपट, तिसऱ्या आठवड्यापासून नेहमीचं.