कच्चा माल किती खपला, याची नोंद ईआरपीनेक्स्टमध्ये कशी करावी

स्टोअरमधील प्रत्यक्ष साठा आणि संगणकातील साठा जुळत नाही, ही लहान कारखान्यांतील नित्याची तक्रार असते आणि तिचे खापर बहुधा स्टोअरकीपरच्या डोक्यावर फुटते. बऱ्याचदा तो माल कामावर रीतसर वापरला गेलेला असतो; तो किती, कोणत्या कामावर आणि कोणत्या दिवशी वापरला, हे मात्र कोणी लिहिलेले नसते. ही नोंद कशी करावी, ते आपण ईआरपीनेक्स्ट या मुंबईतील फ्रॅपे कंपनीने विकसित केलेल्या, साठा, उत्पादन आणि लेखा एकत्र सांभाळणाऱ्या मुक्तस्रोत संगणक प्रणालीच्या आधारे पाहू. उदाहरणादाखल भोसरीतील एखादे प्रेस शॉप घेऊ, जिथे २ मिमी जाडीच्या पोलादी पत्र्यापासून लहान ब्रॅकेट बनतात.

सुरुवात वस्तूच्या नोंदीपासून, म्हणजे आयटम मास्टरपासून, करावी. पत्रा विकत घेताना वजनावर घेतला जातो, कामगार मात्र तो नगावर उचलतो. म्हणून साठ्याचे मूळ एकक किलो ठेवावे आणि नग हे दुसरे एकक रूपांतरासह नोंदवावे. २५०० × १२५० मिमी आकाराचा २ मिमी पत्रा, पोलादाची घनता ७.८५ धरल्यास, ४९.०६ किलो भरतो. तोच रूपांतराचा आकडा. हा निर्णय आधी घेणे आवश्यक आहे, कारण एकदा वस्तूचे व्यवहार सुरू झाले की प्रणाली मूळ एकक बदलू देत नाही.

त्यानंतर गोदामे. कच्च्या मालाचे स्टोअर, चालू कामाचे गोदाम आणि तयार मालाचे गोदाम ही तीन प्रणाली स्वतःच उघडून देते. भंगारासाठी चौथे आपण उघडावे. चालू कामाचे गोदाम म्हणजे वेगळी खोली नव्हे, प्रेसशेजारची जागासुद्धा चालते. मात्र तेथे ठेवलेला पत्रा स्टोअरच्या खात्यातून बाहेर पडलेला असला पाहिजे.

यापुढचा टप्पा बिल ऑफ मटेरियल्सचा, म्हणजे एखादी वस्तू बनवायला कोणता माल किती लागतो त्या यादीचा, जिला कारखान्यात सर्रास बीओएम म्हणतात, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. आपल्या उदाहरणात पत्र्याच्या १२५ मिमी रुंदीच्या दहा पट्ट्या कापल्या जातात आणि प्रत्येक पट्टीतून १२० × ८० मिमीचे तीस ब्लँक, म्हणजे ब्रॅकेटसाठी कापलेले तुकडे, निघतात, म्हणजे एका पत्र्यातून ३०० नग. त्या हिशेबाने एका नगाला १६३.५ ग्रॅम पत्रा लागतो. १० मिमी व्यासाची दोन भोके पाडल्यावर तयार ब्रॅकेटचे वजन मात्र सुमारे १४८.२५ ग्रॅम उरते. ड्रॉइंगवर हेच निव्वळ वजन छापलेले असल्यामुळे अनेक जण तेच बीओएममध्ये भरतात. परिणामी १२०० नगांसाठी प्रत्यक्षात चार पत्रे, म्हणजे १९६.२५ किलो, लागले तरी संगणक १७७.९ किलोच वजा करतो, आणि १८.३५ किलो पत्रा, जो खरे तर भंगाराच्या पिंपात पडलेला आहे, तो स्टोअरमध्ये शिल्लक असल्याचे दिसत राहते. वर्षभर हेच चालले की आकडा टनांत जातो.

म्हणून बीओएममध्ये नेहमी एकूण वजन भरावे. दशांशांची कटकट टाळण्यासाठी बीओएम एका नगाची न करता ३०० नगांची करावी: कच्चा माल ४९.०६ किलो आणि भंगाराच्या रकान्यात ४.५९ किलो. भंगार हीसुद्धा एक वस्तू म्हणून नोंदवावी आणि तिला विक्रीचा अंदाजे दर द्यावा, म्हणजे ब्रॅकेटची किंमत विनाकारण फुगणार नाही. सबमिट केलेली, म्हणजे अंतिम म्हणून नोंदवलेली, बीओएम नंतर बदलता येत नाही. ब्लँकची मांडणी बदलली तर नवी आवृत्ती तयार करून ती डिफॉल्ट म्हणून निवडावी. हातमोजे, कटिंग ऑइल, चिंध्या यांना बीओएममध्ये जागा देऊ नये. ते 'मटेरियल इश्यू' या प्रकाराने थेट खर्चात टाकावेत.

आता मॅन्युफॅक्चरिंग सेटिंग्जमध्ये एक निवड करावी लागते: काम पूर्ण झाल्यावर कच्चा माल बीओएमप्रमाणे वजा करायचा, की त्या कामासाठी प्रत्यक्ष हलवलेल्या मालाप्रमाणे? पहिला मार्ग सोपा आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. त्यात संगणक काय व्हायला हवे होते तेच लिहितो; काय झाले ते कोणालाच कळत नाही. सुट्या भागांची नुसती जुळणी होते तिथे तो चालून जातो, पण पत्रा, प्लास्टिकचा दाणा किंवा धागा कापून-वितळवून काम होते तिथे, माझ्या मते, दुसराच मार्ग योग्य. ही निवड संपूर्ण प्रणालीला लागू होते, वस्तूगणिक बदलता येत नाही, म्हणून ती मालक, स्टोअर आणि लेखा या तिघांनी एकत्र बसून करावी. स्टॉक सेटिंग्जमधील ऋण साठ्याची परवानगी त्याच बैठकीत बंद करून टाकावी. नसलेला माल खपवण्याची मुभा दिली की उरलेली सगळी शिस्त वाया जाते.

प्रत्यक्ष कामासाठी १२०० नगांची वर्क ऑर्डर, म्हणजे उत्पादनाचा आदेश, तयार करून सबमिट करावी. 'स्टार्ट' बटण दाबल्यावर चार पत्रे स्टोअरमधून चालू कामाच्या गोदामात हलवण्याची स्टॉक एन्ट्री, म्हणजे साठ्याच्या हालचालीची नोंद, उघडते. तिच्यातील आकडा बीओएमवरून आलेला असतो. तो जसाच्या तसा न स्वीकारता काट्यावरील वजन भरावे, कारण पत्र्याची जाडी थोडी इकडेतिकडे असतेच. काम अनेक पाळ्यांत चालणार असेल, तर सेटिंग्जमध्ये सलग खपाच्या नोंदीची सोय सुरू करावी. मग वर्क ऑर्डरवर 'मटेरियल कन्झम्प्शन' हे बटण दिसू लागते आणि सुपरवायझरला प्रत्येक पाळीअखेर त्या पाळीचा खप नोंदवता येतो. ही नोंद पाळी संपताच करावी. मागील तारखेने घातलेली नोंद पुढच्या सर्व व्यवहारांचे मूल्यांकन पुन्हा करायला लावते.

काम संपल्यावर 'फिनिश' दाबून उत्पादनाची नोंद होते, आणि येथे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. समजा, १२०० पैकी २६ नग बाद झाले आणि ११७४ चांगले निघाले. ११७४ हा आकडा भरताच प्रणाली हलवलेल्या पत्र्याचा त्याच प्रमाणात हिशेब करून सुमारे १९२ किलो खप सुचवते. सुचवलेले तसेच सबमिट केले, तर उरलेले सव्वाचार किलो चालू कामाच्या गोदामात कायमचे अडकून पडतात, कारण ते प्रत्यक्षात तेथे नसतातच. म्हणून खप हाताने १९६.२५ किलो करावा आणि भंगारात कापणीचे १८.३५ किलो व बाद नगांचे ३.८५ किलो, असे एकूण २२.२ किलो दाखवावेत. पाळीवार खप आधीच नोंदवला असेल, तर तो माल या तक्त्यात पुन्हा आलेला नाही, एवढे सबमिट करण्यापूर्वी तपासावे.

मग भंगाराचे पिंप काट्यावर ठेवावे. ते २२ किलोच्या आसपास भरले तर नोंद खरी. १८ भरले तर एक तर बाद नग कोणी चांगल्यात मिसळले आहेत किंवा उरलेली पट्टी दुसऱ्या कामावर गेली आहे, आणि दोन्ही गोष्टींचा शोध त्याच दिवशी लागू शकतो, महिन्यानंतर नाही. वापरण्याजोगी पट्टी उरली असेल, तर ती चालू कामाच्या गोदामातून स्टोअरमध्ये परत हलवावी आणि तेवढे वजन खपातून कमी करावे.

चुकलेली नोंद पुसता येत नाही. ती रद्द करून दुरुस्त प्रत सबमिट करावी लागते. हे अनेकांना जाचक वाटते, पण कंपनी कायद्याखालील कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारकच आहे. जीएसटीच्या नियम ५६ (१२) नुसारही उत्पादकाने वापरलेला कच्चा माल, तयार माल आणि टाकाऊ व उपउत्पादने यांचा मासिक परिमाणात्मक हिशेब ठेवायचा असतो, आणि वर सांगितलेल्या नोंदींतून तो आपोआप तयार होतो. ब्रॅकेट प्लेटिंगसाठी बाहेर जात असतील, तर जॉबवर्करकडील मालासाठी वेगळे गोदाम उघडावे. पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही किंवा तेथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवठा केल्याचे मानून कर लागतो, त्यामुळे तेथील शिल्लक तारखेनिशी दिसणे गरजेचे असते.

महिनाअखेर स्टॉक बॅलन्सचा अहवाल फक्त चालू कामाच्या गोदामापुरता काढावा. उघड्या वर्क ऑर्डरी ज्या वस्तूंच्या नाहीत, त्यांच्यासमोर तेथे शून्य असले पाहिजे. जिथे आकडा दिसेल, तिथे त्या वस्तूचा स्टॉक लेजर, म्हणजे आवक-जावकीची खातेवही, उघडून शेवटच्या 'फिनिश' नोंदीपासून मागे जावे. चूक बहुधा पहिल्या दोन-तीन ओळींतच सापडते.