टाकीच्या शिडीची बदलता येणारी पायरी: आखणी, घडण आणि जोडणी

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लावलेली उभी लोखंडी शिडी ही इमारतीतील सर्वांत दुर्लक्षित वस्तूंपैकी एक असते. टाकी धुणारे कामगार, फ्लोट व्हॉल्व्ह बदलणारा प्लंबर आणि क्वचित एखादा केबलवाला यांच्याखेरीज तिच्यावर कोणी चढत नाही, त्यामुळे ती गंजली आहे हे समितीला कळते ते एखादी पायरी पायाखाली वाकल्यावरच. मग फॅब्रिकेटर येतो, वेल्डिंग मशीन गच्चीवर चढवले जाते, जुन्या पायरीच्या जागी सळईचा तुकडा चिकटवला जातो आणि वर लाल ऑक्साइडचा एक हात मारला जातो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत ही डागडुजी फार काळ तग धरत नाही. शिडीच्या उभ्या पट्ट्या धडधाकट असताना केवळ पायऱ्यांपायी अख्खी शिडी भंगारात काढण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर पायरी हा सुटा, पान्याने काढता-घालता येणारा भाग म्हणून आखला पाहिजे. नव्या शिडीसाठी तो कसा करावा हे येथे प्रथम सांगितले आहे आणि जुन्या शिडीसाठीचा फेरफार त्यानंतर दिला आहे.

पायरी नेमकी कोठे खचते

गंजलेल्या शिडीची एखादी पायरी जवळून पाहिली तर तिचा मधला भाग बहुतेक वेळा शाबूत असतो आणि टोके मात्र पेन्सिलीसारखी निमुळती झालेली दिसतात. याची कारणे तीन आहेत आणि ती एकाच ठिकाणी जमा होतात. सळई पट्टीला वेल्ड केलेली असते, म्हणजे तिची टोके आवळलेली असतात. अशा दांड्याच्या मध्यावर भार आला की वाकवणारा ताण मध्यावर जितका येतो तितकाच दोन्ही टोकांनाही येतो. वेल्डच्या उष्णतेने तेथील मुलामा आधीच जळून गेलेला असतो आणि वेल्डवरचा काळा थर ब्रशने नीट न घासता त्यावरच रंग लावला जातो. शिवाय सळई आणि पट्टी यांच्यामधल्या कोपऱ्यात पावसाचे पाणी व धूळ साचून राहते. ज्या जागी ताण अधिक त्याच जागी संरक्षण सर्वांत कमी, अशी ही रचना आहे.

म्हणून आखणीचे सूत्र असे ठेवावे की पायरीची टोके बैठकीवर नुसती टेकलेली असावीत. टेकलेल्या दांड्यात टोकाशी वाकवणारा ताण जवळजवळ शून्य असतो आणि सगळा ताण मध्यावर येतो. तेथे वेल्ड नसते, मुलामा अखंड असतो आणि काही बिघडले तर ते डोळ्यांना दिसते. रंगकाम करणाऱ्यांच्या बांबूच्या शिडीत पायरी सुतळीने बांधलेली असते व खराब झाली की सोडून दुसरी बांधता येते. लोखंडात वेल्डिंगची सोय झाल्यावर ही सोय आपण हकनाक गमावली, असे माझे मत आहे.

जाडी ठरवण्याचे गणित

दोन उभ्या पट्ट्यांमधील मोकळे अंतर ४०० मिमी आणि पायऱ्यांमधील अंतर ३०० मिमी धरावे. चढणाऱ्या माणसाचे वजन, त्याची बादली, अवजारे आणि पाऊल टाकतानाचा झटका मिळून १५० किलोचा, म्हणजे सुमारे १,५०० न्यूटनचा भार पायरीच्या मध्यावर येतो असे मानू. टेकलेल्या दांड्यासाठी वाकवणारे आघूर्ण (बल आणि अंतर यांचा गुणाकार) म्हणजे भार गुणिले लांबी भागिले चार, अर्थात १,५०,००० न्यूटन-मिमी. एक इंची (हे माप पोकळीचे, तेही ढोबळ) मध्यम वर्गाच्या, म्हणजे हलका, मध्यम व जड यांपैकी मधल्या जाडीच्या, पाइपचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी आणि जाडी ३.२ मिमी असते; त्यात या आघूर्णाने सुमारे ७० मेगापास्कल (न्यूटन प्रति चौरस मिमी) ताण येतो. साधे पोलाद २१० ते २५० मेगापास्कलपर्यंत कायमचे वाकत नाही, म्हणजे हाताशी तिपटीची सुरक्षितता उरते. हाच पाइप बाहेरून सगळीकडे १ मिमी गंजून झिजला तरी ताण १०७ च्या आसपास जातो आणि दुप्पट सुरक्षितता शिल्लक राहते.

याउलट पाऊण इंची मध्यम पाइपात नवा असतानाच १३६ मेगापास्कल ताण येतो, तर २० मिमीच्या भरीव सळईत तो १९० च्या वर जातो. भरीव म्हणजे मजबूत हा समज येथे चालत नाही. वाकण्याला विरोध करण्यात धातू मध्यापासून जितका दूर तितका उपयोगी, आणि म्हणून सुमारे तेवढ्याच वजनाचा पोकळ पाइप सळईला मागे टाकतो. एक इंची पाइप मुठीतही नीट बसतो. त्याहून जाड घेतल्यास ओल्या हाताने पकड सुटू लागते.

बैठक, खाच आणि आरपार दांडा

उभ्या बाजूंसाठी ६५ बाय १० मिमीची पट्टी घ्यावी. पट्टी व पाइप दोन्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतात, आणि पाइप घेताना कॅलिपर सोबत न्यावा, कारण हलक्या वर्गाचा पाइप बाहेरून मध्यम वर्गासारखाच दिसतो. बैठकीसाठी सव्वा इंची मध्यम पाइपचे ३० मिमी लांबीचे तुकडे कापून प्रत्येक तुकडा उभा चिरावा. त्याचा आतील व्यास ३६ मिमी असल्याने त्याच्या अर्ध्या वाटीत एक इंची पाइप थोडी मोकळीक ठेवून बसतो. ही वाटी, तोंड वर करून, पट्टीच्या आतल्या अंगाला वेल्ड करावी. वाटीच्या तळाशी, पट्टीला लागून, ६ मिमी जाडीची व ८ मिमी उंचीची एक खुंटी बसवावी आणि वाटीच्या दुसऱ्या टोकाशी ८ मिमीचे भोक पाडावे.

पायरीचा पाइप पट्ट्यांमधील अंतरापेक्षा २ मिमी आखूड कापावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना खालच्या बाजूस ८ मिमी रुंदीची खाच घ्यावी. पायरी वरून खाली उतरवली की खाच खुंटीवर बसते आणि पाइप पायाखाली फिरत नाही. हीच खाच पाइपात शिरलेले पाणी बाहेर सोडते व ते वाटीच्या भोकातून निघून जाते, त्यामुळे पाइपाला वेगळे भोक पाडावे लागत नाही. निचऱ्याचे भोक पायरीच्या मध्यावर खालून पाडण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती सपशेल चुकीची आहे, कारण सर्वाधिक ताण तेथेच असतो.

पायरी जागेवर धरून ठेवण्यासाठी एका पट्टीतून शिरून, पाइपाच्या पोटातून जाऊन दुसऱ्या पट्टीतून बाहेर पडणारा १२ मिमीचा स्टेनलेस स्टीलचा आट्यांचा दांडा वापरावा. त्याची लांबी सुमारे ४७० मिमी असावी. एका टोकाला नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा नट) व दुसऱ्या टोकाला दोन नट एकमेकांवर आवळून बसवावेत. नट आणि पट्टी यांच्यामध्ये रुंद वॉशर असावा. वजन बैठक पेलते, दांडा फक्त पायरीला उचलू देत नाही आणि पट्ट्यांना फाकू देत नाही. कधी एखादी बैठक निकामी झालीच तरी पायरी दांड्यावर अडकते आणि थेट खाली निसटत नाही.

बैठक तरी वेल्डच केलेली आहे, मग फरक काय पडला, असा आक्षेप येथे घेता येईल. फरक दोन आहेत. बैठकीवर केवळ निम्मा भार, म्हणजे सुमारे ७५ किलो, सरळ खाली येतो, पायरीच्या वाकण्याचा ताण तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि हे वेल्ड कारखान्यात होऊन त्यावर नंतर जस्त चढते.

दांड्यासाठी भोके पाडताना दोन्ही पट्ट्या एकमेकींवर क्लँपने आवळून एकदमच पाडावीत. भोक १४ मिमीचे असावे. प्रत्येक भोकाचे माप पट्टीच्या एकाच टोकापासून घ्यावे. आधीच्या भोकापासून पुढचे मोजत गेल्यास अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाऊन वरच्या पायऱ्या तिरक्या बसतात. बैठका वेल्ड करतानाही पट्ट्यांमध्ये अचूक ४०० मिमीचे दोन ठोकळे अडकवून ठेवावेत, कारण सर्व पायऱ्या अदलाबदल करण्याजोग्या असण्यावरच या आखणीचा सगळा उपयोग अवलंबून आहे.

जस्ताचा मुलामा

सगळे कापणे, भोके पाडणे व वेल्डिंग संपल्यानंतरच पट्ट्या आणि पायऱ्या हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला द्याव्यात. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्याने ३ ते ६ मिमी जाडीच्या पोलादावर सरासरी ७० मायक्रॉनचा थर बसतो आणि पाइपाची दोन्ही टोके उघडी असल्याने तो आतूनही बसतो. बंद पाइप अशा जस्तात बुडवणे धोक्याचे असते, आत अडकलेली हवा व ओल तापून तो फुटू शकतो. खाऱ्या औद्योगिक हवेत जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजते, तेव्हा १७ ते ३५ वर्षांचा हिशेब बसतो. थेट खाडीच्या तोंडाशी तो कमी धरावा. विजेने चढवलेला चकचकीत मुलामा सहसा ५ ते १२ मायक्रॉनचाच असतो, त्याच्या चकाकीवर जाऊ नये. काम वजनावर घेतले जात असल्याने चार-दोन जादा पायऱ्या त्याच खेपेत करून घेणे परवडते. परत आल्यावर बैठकीत व खाचेत साचलेले जस्ताचे थेंब कानशीने हलके काढावेत.

जस्त आणि स्टेनलेस एकत्र आल्यास जस्त झिजते हे खरे आहे. मात्र स्टेनलेसचा पृष्ठभाग लहान व जस्ताचा मोठा असल्यास ही झीज नगण्य राहते. उलट प्रकार, म्हणजे स्टेनलेसच्या शिडीला जस्ताचे बोल्ट लावणे, हा मात्र टाळावा. दांडा ३१६ प्रतीच्या, म्हणजे खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या, स्टेनलेसचा घ्यावा आणि आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावावी. कोरडे स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांत रुतून बसतात आणि मग सुटी पायरी ग्राइंडरने कापून काढण्याची पाळी येते. बैठकीत रबराचे अस्तर घालावे असे काही जण सुचवतात. ते पाणी धरून ठेवते, म्हणून मी ते घालत नाही.

पावसाळ्यात शेवाळ धरून पाइप निसरडा होतो. पाइपाच्या फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर इपॉक्सीचा हात देऊन त्यावर मध्यम वाळू भुरभुरावी. खालची बाजू गुळगुळीत ठेवावी, कारण बोटे तेथेच वळतात.

जुन्या शिडीवर

जुन्या शिडीच्या पट्ट्या गंजाच्या खाली किती उरल्या आहेत हे आधी घासून मोजावे. निम्मी जाडी गेली असेल तर हा खटाटोप करू नये. पट्ट्या ठीक असतील तर जागेवर वेल्डिंग टाळून ५० बाय ५० बाय ६ मिमी अँगलचे ५० मिमी लांबीचे, जस्त चढवलेले तुकडे वापरावेत. अँगलची उभी बाजू पट्टीला १० मिमीच्या दोन बोल्टांनी जोडावी आणि आडव्या बाजूवर पाइप ठेवून त्याला प्लंबर वापरतात तसल्या यू-बोल्टने धरावे. शिडीच्या बाजूला भिंत किंवा पाइपलाइन आडवी येऊन आरपार दांडा घालायला जागा नसेल, तर नव्या शिडीतही हाच उपाय करावा. जुन्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत समांतर नसतात, तेव्हा प्रत्येक पायरीचे अंतर वेगळे मोजावे आणि त्यातल्या सर्वांत कमी अंतराला धरून सर्व पायऱ्या एकाच लांबीच्या कापाव्यात; अँगलवर टेकायला ५० मिमी असल्याने थोडा फरक सहज खपतो.

एका वेळी एकच पायरी कापून तिच्या जागी नवी बसवावी, म्हणजे पट्ट्या फाकत नाहीत. काम करताना त्याच शिडीवर उभे राहू नये. बाजूला परांची किंवा वेगळी शिडी असावी आणि कमरेचा नव्हे तर पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट शिडीखेरीज दुसऱ्या भक्कम जागी अडकवावा. जवळ प्लास्टिकची टाकी किंवा पाइप असल्यास ग्राइंडरच्या ठिणग्यांपुढे ओले गोणपाट धरावे. जुन्या वेल्डचे खुंट पट्टीला समतल घासून त्यावर जस्ताचे प्रमाण अधिक असलेला प्रायमर लावावा.

चाचणी आणि देखभाल

प्रत्येक पायरीच्या मध्यावर वाळूची ५० किलोची तीन पोती टांगून दहा मिनिटे ठेवावीत आणि दोन्ही टोकांमध्ये ताणलेल्या बारीक दोरीपासून पायरीचे अंतर वजनाआधी व नंतर मोजावे. गणिताने पायरी केवळ ०.३ मिमी झुकायला हवी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना काही कळू नये. वजन काढल्यावर १ मिमीचा जरी पोक उरला तर पाइप सदोष आहे असे समजून ती पायरी बाद करावी.

नट आवळून झाल्यावर नट, वॉशर आणि पट्टी यांच्यावरून लाल रंगाची एक सलग रेघ ओढावी. ती तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे खालूनच ओळखता येते. मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर पायऱ्यांवर लहान हातोडीने टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज येणाऱ्या रांगेत एखादी पायरी बद्द वाजली, तर ती काढून आतून पाहावी. बदलताना नायलॉक नट नेहमी नवा वापरावा, कारण एकदा सुटलेल्या नटाची पकड कमी झालेली असते.

जादा पायऱ्या, दोन दांडे आणि १८ व १९ नंबरचे पाने एकत्र बांधून संस्थेच्या कार्यालयात ठेवावेत, आणि पाइपचे माप, त्याची लांबी व दांड्याचा व्यास हे तळाच्या पायरीजवळ पट्टीवर पंचाने कोरून घ्यावे, म्हणजे पुढची समिती आली तरी कागद शोधत बसावे लागत नाही. टाकीच्या आतल्या शिडीला मात्र ही जस्ताची पायरी लावू नये. झाकणाखाली क्लोरीनमिश्रित वाफ साचते आणि पाणी पिण्याचे असते, त्यामुळे तेथे याच मापाच्या पायऱ्या, बैठका व पट्ट्या सगळ्याच ३१६ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये कराव्यात.