येऊरला जेवायला जायचंय? मग शहर दिसेल असं टेबल आणि वेळ कशी साधायची ते वाचा

ठाण्यात डोंगरावर बसून जेवायचं म्हटलं की सगळे येऊरचंच नाव घेतात आणि ते बरोबरच आहे, पण बरेच जण रात्री साडेनऊला वर पोहोचतात, अंधारात जेवतात आणि खाली येऊन सांगतात की व्ह्यू काही खास नव्हता. अहो व्ह्यू होता, तुम्ही उशिरा गेलात! उजेड असताना पोहोचायचं, खाली दिवे लागताना बघायचे आणि लवकर उतरायचं, एवढं जमलं तर अर्धं काम झालं.

आता आधी दिशा समजून घ्या, कारण ही गोष्ट कोणीच सांगत नाही. येऊरचा डोंगर शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे तुम्ही शहराकडे तोंड करून बसलात की सूर्य तुमच्या पाठीमागे डोंगराआड जातो, त्यामुळे "सनसेट बघायला जाऊया" म्हणून गेलात तर हिरमोड होणार. पण समोर जे होतं ते जास्त भारी आहे, डोंगराची सावली आधी खाली पायथ्याच्या उपवन तलावाकडे पडते, मग पोखरण रोडच्या टॉवरवर चढत जाते आणि खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगरावर मात्र अजून ऊन असतं, तोच डोंगर ज्याच्या पोटातून 1916 पासून पारसिक बोगद्यातनं रेल्वेगाड्या जातात. मग एकेक करत खिडक्या उजळायला लागतात. डिसेंबरात सूर्य साधारण सहाला मावळतो आणि जून-जुलैत सव्वासातच्या पुढे, त्याच्या पाऊण तास आधी टेबलावर बसलेले असाल तर सगळं बघायला मिळतं. आणि शक्य असेल तर पौर्णिमेला जा, शहर पूर्वेला असल्यामुळे चंद्र बरोब्बर समोरून, दिव्यांच्या वर उगवतो. खरंच सांगते, एकदा तरी आईबाबांना घेऊन जाऊन दाखवा.

अगदी सूर्यास्तच हवा असेल तर मात्र बेलापूरच्या पारसिक हिलवर जा, तिथून खाडीच्या बाजूला सूर्य मावळताना दिसतो, पण जेवण खाली उतरून करायचं ह्या हिशोबाने जा.

सीझनचं म्हणाल तर भर पावसात कधी कधी ढगच टेबलावर येतात आणि शहर गायब, त्यातही मजा आहे पण ती वेगळी. थंडीत हवा मस्त असते तरी धूळ आणि धूर खालीच साचून राहतो त्यामुळे लांबचं धूसर दिसतं. सगळ्यात स्वच्छ दिसतं ते सरी पडून उघडीप झाली की, हवा धुतलेली असते, अशा वेळी मुंब्र्याच्या डोंगराच्या कडा पण स्पष्ट दिसतात. असा दिवस दिसला की प्लॅन बनवत बसू नका, निघा.

टेबल. येऊरमधल्या सगळ्या हॉटेलांतून शहर दिसत नाही, बरीच आत झाडीत आहेत, म्हणून फोनवर "व्ह्यू आहे का" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. "बसल्या जागेवरून खालचे दिवे दिसतात का, आणि कठड्याजवळचं टेबल ठेवाल का" असं विचारा. सोबत आजीआजोबा असतील तर पायऱ्या किती आणि टॉयलेट किती लांब हे पण विचारा. त्याच फोनवर एंट्रीचं विचारून घ्या, कारण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, चेकनाक्यावर गाडी थांबवतात, रात्रीच्या वेळेचे नियम मध्येच कडक होतात आणि 31 डिसेंबरच्या आसपास तर बंदोबस्तच असतो. गावठी कोंबडी आणि भाकरी हवी असेल तर तीही आधीच सांगून ठेवा, ती शिजायला वेळ लागतो आणि मग तुम्ही भुकेने कासावीस होऊन समोरचं काही बघतच नाही. वर वारा असतो, सगळं एकदम मागवलं की थंड होतं, म्हणून भाकरी दोन-दोन करून गरम मागवा, सोलकढी शेवटी.

बरोबर काय न्यायचं? ओडोमॉस, थंडीत स्वेटर आणि रोख पैसे. रेंज कधी कधी जाते आणि मग बिलाच्या वेळी युपीआय गोल गोल फिरत बसतं. फोटो अंधार पूर्ण पडायच्या आधी काढा, आकाश निळं असताना, फ्लॅश बंद आणि फोन कठड्यावर टेकवून.

आता जंगलाबद्दल, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय. इथे बिबटे आहेत. उष्टं बाहेर टाकलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, त्याचा त्रास आपल्याला नाही तर तिथल्या पाड्यांवर राहणाऱ्या लोकांना होतो. उरलेलं पॅक करून घरी न्या, माकडांना काही देऊ नका, अंधारात रस्त्यावर पायी भटकू नका, स्पीकर लावून गाणी तर अजिबात नको. मे-जूनमध्ये वाटेत पाड्यावरच्या बायका करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका.

परतीचं आधी ठरवा. वर जायला उपवनहून रिक्षा मिळते पण रात्री खाली यायला मिळेलच असं नाही, एकतर त्याच रिक्षावाल्या दादांना वेळ सांगून ठेवा नाहीतर टीएमटीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून घ्या. स्वतःची गाडी असेल तर चालवणाऱ्याने प्यायची नाही, उतार आणि वळणं आहेत, लो गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता सावकाश या.