वळवाच्या वाऱ्यासाठी खिडकीला प्लायची झडप

कोल्हापुरात एप्रिल-मेचा वळीव वारा आणि गारा घेऊन येतो. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच वाचत नाही. १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. ३ बाय ४ फुटांच्या खिडकीला चारी बाजूंनी ४ इंच जास्त, म्हणजे ३ फूट ८ इंच बाय ४ फूट ८ इंच तुकडा लागतो. कापलेल्या कडांना प्रायमर लावाच, नाहीतर पाणी शिरून थर सुटतात.

झडप चौकटीला नव्हे, भिंतीला धरली पाहिजे. प्लायच्या कडेपासून सव्वा इंच आत, दर १२ इंचांवर भोक पाडा. बोल्ट त्याहून आत घेतला, तर खिडकीच्या कोपऱ्याची वीट फुटते. ८ मिमीचे अँकर बोल्ट (आवळले की भोकात फुगून घट्ट बसणारे) विटेत किमान २ इंच जाऊ द्या. गिलाव्याची जाडी यात धरू नका. एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेत) हे बोल्ट सुटतात, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट, वापरा. ग्रील बाहेर आलेली असेल, तर आधी भिंतीवर लाकडी रिपा ठोका.

प्रत्येक तुकड्यावर खिडकीचे नाव आणि वरची बाजू लिहा. वजन बारा-तेरा किलो भरते, म्हणून आभाळ भरून येताच दोघांनी बसवा. वारा सुटल्यावर हात लावू नका.