इंग्रजी सिनेमांच्या गर्दीत मराठी चित्रपट: अनुदानाची फाईल आणि शुक्रवारची तारीख

पहिल्यांदा मराठी चित्रपट काढणाऱ्या निर्मात्यांची कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. समोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, सरकारचे किती मिळतात?" दुसरा प्रश्न येतो तो सिनेमा पूर्ण झाल्यावर: "आपल्या आठवड्यात इंग्रजी पिक्चर कुठला आहे हो?" माझं म्हणणं इतकंच, की हे दोन्ही प्रश्न बजेट मांडतानाच विचारा.

आधी अनुदान. दर्जेदार मराठी चित्रपटांच्या अर्थसहाय्याची योजना महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ बघतं, गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून. सिनेमा तयार होऊन सेन्सॉर झाला की परीक्षण समिती तो बघते आणि गुण देते. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख, असे आकडे गेली काही वर्षं चालत आले आहेत. अर्ज करताना मात्र ताजा शासन निर्णय स्वतः डाउनलोड करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

म्हणजे हा पैसा सिनेमा बनल्यावर येतो. कॅमेऱ्याचं भाडं, कलाकारांचं मानधन, युनिटचं जेवण, डबिंग, सगळं तोवर तुमच्या खिशातून गेलेलं असतं. त्यामुळे बजेटच्या जमेच्या बाजूला अनुदान लिहूच नका. कळकळीने सांगते, कारण त्या आशेवर व्याजाने पैसे उचललेले लोक मी जवळून बघितले आहेत. रक्कम हातात पडेपर्यंत व्याजानेच तिचा मोठा लचका तोडलेला असतो.

फाईल मुहूर्ताच्या दिवशीच उघडा. बॅनरचं नाव, सिनेमाचं शीर्षक आणि निर्मात्याचं नाव सगळीकडे अक्षरशः एकसारखं हवं: शीर्षक नोंदणीत, सेन्सॉर प्रमाणपत्रावर, पॅन कार्डावर, बँकेच्या खात्यावर. एकीकडे 'प्रॉडक्शन' आणि दुसरीकडे 'प्रॉडक्शन्स' असेल, तर त्या एका 'स'पायी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. पैसे शक्यतो बँकेतूनच द्या, बिलं जीएसटी क्रमांकासह घ्या आणि सीएला शूटिंगच्या आधीच कामाला लावा. पडद्यावर बैल किंवा कुत्रा येणार असेल, तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगीही आधी, नाहीतर सेन्सॉरला गाडी अडते.

आता तारीख. इंग्रजी सिनेमा लोक आवडीने बघतात, त्यात गैर काही नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' आला तेव्हा मुंबईत रात्रभर शो चालले होते. पण 'वेड' ३० डिसेंबर २०२२ ला लागला, 'अवतार'चा दुसरा भाग त्याच्या दोनच आठवडे आधी आला होता, तरी 'वेड' चालला. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला. पुढे २१ जुलैला 'ओपनहायमर' आणि 'बार्बी' एकाच दिवशी लागले, तोवर बायकांचे गट साड्या नेसून थिएटरं भरत होते. तेव्हा इंग्रजी सिनेमा समोर आहे म्हणून हातपाय गाळू नका. बघायचं ते हे, की त्या शुक्रवारी मोठा हिंदी आणि मोठा इंग्रजी सिनेमा एकत्र तर येत नाहीत ना. दोन्ही आले, की दादर-ठाण्यातसुद्धा तुमच्या वाट्याला सकाळी साडेनऊचा शो उरतो. त्या वेळी तुमचा प्रेक्षक लोकलमध्ये असतो.

२०१५ साली राज्य सरकारने प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायची सक्ती जाहीर केली. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं, मग ओरड झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली. दुपारी १२ चा शो हा प्राइम टाइम कसा, हे मला आजही पटलेलं नाही. फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर घेतात, अमेरिकन सिनेमाच्याही, आणि तो पैसा त्यांच्या राष्ट्रीय सिनेमा केंद्रामार्फत पुन्हा सिनेमातच जातो. गर्दी परक्या सिनेमाला झाली तरी देशी सिनेमाच्या गल्ल्यात भर पडते. असं काही आपल्याकडे व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपल्या हातात आहे ते नीट करू. प्रदर्शनाचे पैसे निर्मितीच्या पैशांपासून वेगळे काढून ठेवा आणि शूटिंग कितीही लांबलं तरी त्यांना हात लावू नका. पोस्टर, ट्रेलर यांच्याबरोबर डिजिटल प्रोजेक्शनचं शुल्क, म्हणजे व्हीपीएफ, त्यातूनच भरायचं असतं आणि नवख्या निर्मात्याच्या हिशोबात नेमकं तेच नसतं. वितरकाला दोनशे शो मागण्यापेक्षा प्लाझा, सिटीलाइट, भारतमाता अशा आपला प्रेक्षक येणाऱ्या ठिकाणी संध्याकाळचे शो मागा. महिला मंडळं, बचत गट, सोसायट्या यांची ग्रुप बुकिंगं आधीच गोळा करा आणि ती पहिल्या शनिवार-रविवारी न संपवता थोडी सोमवार-मंगळवारसाठी राखा. पुढच्या शुक्रवारचे शो त्याच दोन दिवसांत ठरतात. सोमवारी सकाळी थिएटरवार आकडे घेऊन वितरकाला स्वतः फोन करा. जिथे रविवार संध्याकाळ भरली होती त्या थिएटरचं नाव घेऊन सांगा, इथला शो हलवू नका.