घरी, ऑफिसात, सर्व्हरवर: विमची एकच सेटिंग सगळीकडे कशी ठेवायची

ठाण्यात घरी लिनक्सचा डेस्कटॉप, ऐरोलीच्या ऑफिसात विंडोजचा लॅपटॉप आणि वर एखादा सर्व्हर, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असतं. विम (कोड लिहायचा टेक्स्ट एडिटर) मात्र तिन्हीकडे वेगवेगळा वागतो, एकीकडे टॅब चार स्पेसचा तर दुसरीकडे आठचा, शॉर्टकट एकीकडे चालतो दुसरीकडे नाही, आणि मग डोकं कोडमध्ये राहतच नाही. बोटांना लागलेली सवय सगळीकडे चालली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे नीट एकदा करूनच टाका.

विमआरसी फाइल, म्हणजे विमच्या सगळ्या सेटिंग जिथे असतात ती, मेलने नाहीतर पेनड्राइव्हने फिरवत बसू नका, नवीन कॉपी कुठली ते आठवड्याभरात कळेनासं होतं. गिट वापरा, म्हणजे फायलींचे बदल नोंदवून ते सगळ्या मशिनवर नेणारं टूल. पण होम फोल्डरमधली सुटी विमआरसी गिटमध्ये टाकून सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) करत बसायचीही गरज नाही. विम 7.4 पासून होममधल्या डॉट विम (.vim) फोल्डरच्या आत नुसत्या विमआरसी नावाने (पुढे डॉट न लावता) फाइल ठेवली तरी विम ती वाचतो. म्हणजे फाइल आत हलवा, त्या फोल्डरमध्येच गिट इनिट करा, गिट सर्व्हरवरच्या प्रायव्हेट रेपोवर (फायली आणि त्यांची हिस्ट्री ठेवायची जागा) पुश करा म्हणजे चढवा, झालं. फक्त बाहेरची जुनी फाइल उडवा, नाहीतर विम तीच आधी उचलतो आणि आतली बघतच नाही. विंडोजवर या फोल्डरचं नाव विमफाइल्स असतं, तर क्लोन करताना, म्हणजे रेपो मशिनवर उतरवताना, तेच नाव द्या.

प्लगिनसाठी वेगळा मॅनेजर हवाच असं नाही. विम 8 पासून पॅक फोल्डरमध्ये कुठल्याही नावाचा एक फोल्डर करून त्यातल्या स्टार्टमध्ये ठेवलेलं प्लगिन आपोआप लोड होतं. ते गिट सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून जोडा म्हणजे सगळ्या मशिनवर तेच व्हर्जन येतं, नवीन मशिनवर क्लोन करताना रिकर्स सबमॉड्यूल्सचा ऑप्शन तेवढा लावा.

आता जिथे खरं अडतं ते. प्रत्येक मशिनचं थोडं वेगळं असतंच, ऑफिसची प्रॉक्सी, फॉन्टची साइज, प्रोजेक्टचा पाथ. ते कॉमन फाइलमध्ये घुसवू नका. लोकल नावाची एक छोटी फाइल करा, ती गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फायली सोडायच्या त्याची यादी) टाका आणि विमआरसीच्या शेवटी लिहा की ही फाइल वाचता येत असेल तर सोर्स कर. शेवटीच लिहायचं कारण नंतर आलेली सेटिंग आधीचीला मागे टाकते. फरक मशिनचा नसून फक्त विंडोज-लिनक्सचा असेल तर हॅज फंक्शनने विन32 तपासून तिथल्या तिथे इफ लावा. पासवर्ड, टोकन यातलं काहीही रेपोत नको, प्रायव्हेट असला तरी नको, कारण नंतर डिलीट केलं तरी गिटच्या हिस्ट्रीत ते राहतं.

स्वॅप फायली, अनडू फायली, नेटआरडब्ल्यूची (विममधला फाइल ब्राउझर) हिस्ट्री हेसुद्धा इग्नोर करा, हे त्या त्या मशिनचंच असतं. स्पेल फोल्डरमधली अ‍ॅड फाइल, म्हणजे स्पेलिंग तपासणीला आपण शिकवलेल्या शब्दांची यादी, मात्र जरूर शेअर करा! इंग्रजी डॉक्युमेंट लिहिताना घणसोली, कोपरखैरणे, आपली आडनावं सगळं लाल दिसतं, झेड-जी दाबून एकदा शिकवलं की ते सगळीकडे मिळतं. त्या यादीवरून विम बनवतो ती एसपीएल फाइल इग्नोर करा आणि पुल केल्यावर एमके-स्पेल चालवून ती परत बनवा.

विंडोजवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. गिट तिकडे लाइन एंडिंग (ओळ संपल्याची खूण) बदलू शकतो, आणि तशी फाइल लिनक्सवर आली की विम प्रत्येक ओळीला एरर देत सुटतो. रेपोत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल टाकून सगळ्या टेक्स्ट फायलींना लिनक्सची खूण, एलएफच राहू दे असं ठरवून द्या.

ऑफिसमध्ये बाहेरचा गिट बंद असेल तर पळवाटा काढू नका, आतला गिट सर्व्हर असतो त्यावर परवानगी घेऊन रेपो ठेवा.

व्हीएस कोड वापरणाऱ्यांना एवढं करावंच लागत नाही, त्यात सेटिंग्ज सिंक आहे, मायक्रोसॉफ्ट किंवा गिटहबने लॉगिन करा, सेटिंग, शॉर्टकट, एक्स्टेंशन सगळं येतं. विममध्ये ते हाताने करायचं, तर सवय एवढीच लावा की बदल केला की लगेच कमिट आणि पुश, आणि दुसऱ्या मशिनवर बसलात की काही बदलायच्या आधी पुल.